जुन्या मासिकातल्या प्लॅनवरून पहिलं विमान

रद्दीतल्या मासिकात मिळालेला स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मॉडेलचा प्लॅन पाहून हात शिवशिवणारच, पण तो आत्ता जपून ठेवा. पहिलं मॉडेल पायपर कब या छोट्या, हलक्या विमानाचं करा: बाल्सा या हलक्या लाकडाचा सांगाडा, वर पातळ कागद. पंख धडाच्या वर, कडा सरळ. बांधायला सोपं आणि हवेत स्वतःला सावरणारं. खऱ्या कबचा पंखविस्तार 35 फूट 3 इंच. 1:24 ला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाला, साधारण साडेसतरा इंच येतो, घरच्या टेबलावर आरामात मावतो.

प्लॅनची झेरॉक्स काढली की आधी पट्टी लावून माप तपासा, एकदा उभं, एकदा आडवं. मशीन कधीकधी एकाच दिशेला ताणतं. मग रिब (पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या) बसत नाहीत आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो.

नवीन माणूस हमखास करतो त्या चुका:

- शेपटी जड होते. सगळ्यात हलका बाल्सा तिच्यासाठी वेगळा काढा.
- फेव्हिकॉल थापला जातो. टाचणीच्या टोकावर राहील तेवढा थेंब पुरतो. प्लॅनवर आधी पारदर्शक प्लास्टिक अंथरा.
- कागद ताणायला पाणी फवारलं की पंख तसाच सोडून देतात. साताऱ्याच्या श्रावणातल्या ओल्या हवेत माझा पहिला पंख असाच पापडासारखा पिळवटला होता. टाचण्या लावून रात्रभर पाटावर ठेवा.

उडवण्याआधी पंखांखाली, पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर, दोन बोटं टेकवा. विमान सपाट राहिलंच पाहिजे. मग पुढचा पंखा फिरवणारं रबर न पिळता उंच गवतावर हलकेच सोडा.

इंजिन, रिमोट नंतर बघू. सांगाडा झाला की कागद चिकटवण्याआधी फोटो पाठवा, मी नक्की बघेन.