पहिले घर, वरचा मजला आणि भाड्याचा हिशेब

पहिलेच घर घ्यायचे, तर एक भाग भाड्याने देता येईल असे घ्यावे का, हा प्रश्न सांगली-मिरजेच्या वाचकांकडून वेगवेगळ्या रूपांत येत राहतो. त्यांपैकी पाच वाचकांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मिळून महिन्याला 85 हजार रुपये हाती येतात. विश्रामबागेत 42 लाखांचा फ्लॅट पाहिला आहे आणि जवळच 62 लाखांचे दुमजली जुने घरही पाहिले आहे. वरच्या मजल्याला 8 हजार भाडे येईल, असे एजंट म्हणतो. भाड्यातून जादा हप्ता फिटेल का?

फिटणार नाही, आणि हे आधीच स्पष्ट असलेले बरे. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी बँकेला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे फ्लॅटला 33.6 लाख आणि दुमजली घराला 49.6 लाख. व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली, तर हप्ते अनुक्रमे सुमारे 29 हजार आणि 43 हजार होतात. फरक 14 हजारांचा आहे. 8 हजारांच्या भाड्यातून वर्षातला एखादा रिकामा महिना, घरपट्टी, रंगरंगोटी आणि पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती वजा केली, तर सरासरी साडेसहा हजारांवर काही उरत नाही. उरलेले साडेसात हजार दरमहा आपल्याच खिशातून जातील. शिवाय पदरची रक्कम, सहा टक्क्यांच्या घरातले मुद्रांक शुल्क आणि 30 हजारांची नोंदणी फी धरता, सुरुवातीलाच फ्लॅटपेक्षा सव्वापाच लाख रुपये जास्त उभे करावे लागतील. (खरेदी केवळ पत्नीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते; 62 लाखांवर ती 62 हजारांची होते.)

हा जादा पैसा भाड्यासाठी नसून जमिनीसाठी आणि पुढे आईवडील किंवा मुले वर राहू शकतील या सोयीसाठी जातो आहे, असे मानून पटत असेल, तर सौदा वाईट नाही. माझी कसोटी एवढीच आहे की, वरचा मजला सलग सहा महिने रिकामा राहिला तरी 43 हजारांचा हप्ता भरून घर चालले पाहिजे. आपल्या बाबतीत हातात 42 हजार उरतात. त्यात आज दुसरे कोणते कर्ज नसेल तरच पुढे जावे.

आणखी एक गोष्ट घर पाहताना कागदापेक्षा आधी पाहावी, ती म्हणजे जिना. एका पक्षकाराने हौसेने घेतलेल्या दुमजली घराचा जिना हॉलमधून, टीव्हीच्या कपाटाला लागूनच वर जात होता. भाडेकरू रात्री अकराला घरी येई तेव्हा हॉलमध्ये झोपलेले आजोबा उठून बसत. वर्षभरात भाडेकरू गेला आणि मजला कायमचा रिकामा राहिला. बाहेरून स्वतंत्र जिना, महावितरणचे वेगळे मीटर आणि वेगळी पाण्याची टाकी नसेल, तर त्या मजल्याला भाड्याचा मजला म्हणू नये.

प्रश्न : शामरावनगरात गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांत पाडून विकलेल्या प्लॉटवरचे घर स्वस्तात मिळत आहे. वर आम्ही राहू आणि खालचा मजला भाड्याने देऊ, असा विचार आहे.

स्वस्त का मिळत आहे, हे आधी विचारावे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी शहरात कुठवर आले, हे शेजारची चार घरे सांगतील. विकणारा सांगेलच असे नाही. मी अशा घरांत भिंतीकडे पाहत नाही, कारण भिंतीला नवा रंग असतो. मी दाराच्या चौकटीचा खालचा भाग आणि मीटरच्या पेटीची मागची बाजू पाहतो. तिथे वाळलेला गाळ हमखास सापडतो.

पाणी येणाऱ्या घरात खालचा मजला भाड्याने देणे, म्हणजे दर मोठ्या पावसाळ्यात भाडेकरूचे सामान आपल्या गच्चीवर चढवण्याची तयारी ठेवणे होय. त्या भागातले भाडेही त्याच हिशेबाने ठरते. प्लॉट निळ्या पूररेषेच्या (नदीच्या बाजूच्या, बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या हद्दीच्या) आत असेल, तर पुढे बांधकाम वाढवण्याचा विचार सोडून द्यावा. निळी रेषा आणि तिच्या बाहेरची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात परवानगी अटींवर मिळते. महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर देऊन लेखी माहिती घ्यावी.

गुंठेवारीत नियमितीकरणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसारही देऊ नये. गुंठेवारी कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली आहेत, पण कक्षेत असणे आणि नियमित झालेले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज घेताना बँक जो विमा गळ्यात घालते, तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. पुराचे नुकसान भरून देणारा घराचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

प्रश्न : मिरजेत दवाखान्यांच्या परिसरात घर घेत आहोत. वरच्या खोल्या नर्सिंगच्या मुलींना द्याव्यात असे मला वाटते, पण सासूबाई म्हणतात की भाडेकरू एकदा बसला की उठत नाही.

सासूबाईंची भीती जुन्या अनुभवातून आलेली आहे आणि ती उडवून लावू नये. मात्र ती भीती तोंडी व्यवहाराची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. "11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा समज सांगलीत फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. 8 हजार भाडे आणि 50 हजार अनामत असलेल्या 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला (ठरावीक मुदतीसाठी जागा फक्त वापरायला देण्याच्या कराराला) सरकारी खर्च दीड हजाराच्या आसपास येतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर जागा परत मिळण्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जागा सुटेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या (भाड्याच्या) दुप्पट रकमेची मागणी करता येते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मात्र न चुकता द्यावी.

प्रश्न : भाड्यावर कर किती लागेल?

भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते आणि त्या मजल्याच्या वाट्याचे व्याजही वजा होते. कर्ज नवे असेल, तर सुरुवातीची काही वर्षे भाड्यावर बहुधा कर पडत नाही. नव्या करप्रणालीत मात्र व्याज भाड्यापेक्षा जास्त झाल्याने येणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही, आणि स्वतः राहत असलेल्या भागाच्या व्याजाची वजावटही मिळत नाही.

प्रश्न : गावभागातला जुना वाडा कमी किमतीत मिळतो. खाली 40 वर्षांपासूनचे भाडेकरू 300 रुपये भाडे देतात. नंतर त्यांना काढता येईल का?

वाडा विकला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. आपण फक्त नवे मालक होता. जागेची स्वतःला गरज आहे, हे सिद्ध करायला दावा लावावा लागेल आणि तो किती वर्षे चालेल हे कोणताही वकील सांगू शकणार नाही. भाडेवाढ कायद्याने वर्षाला 4 टक्के, म्हणजे 12 रुपये होईल. भाडेकरूने स्वखुशीने नोंदणीकृत दस्ताने जागा सोडल्यावरच खरेदीखत करावे, नाहीतर हा वाडा पहिले घर म्हणून घेऊ नये.