वाचकांचे प्रश्न : लढाऊ वैमानिकाचे शौर्यपदक कशावर ठरते?

गेल्या अंकात आम्ही फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्यावर एक टिपण छापले होते. १९७१ च्या युद्धात श्रीनगरच्या आकाशात धारातीर्थी पडलेले सेखों हे परमवीर चक्र मिळालेले भारतीय हवाई दलातील आजवरचे एकमेव योद्धे आहेत. त्या टिपणानंतर नाशिक परिसरातून आलेली बहुतेक पत्रे पदकांविषयीच आहेत, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या मिग कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे आमच्या घरी विमानांची चर्चा नेहमीच चालते. सेखों यांनी एका विमानावर गोळ्यांचा अचूक मारा केला आणि दुसरे पेटवले, असे आपण लिहिले होते. शत्रूचे विमान पाडणाऱ्या इतर वैमानिकांना मात्र वीर चक्र मिळाले. मग किती विमाने पाडली यावर पदक ठरत नाही का? (एक वाचक, ओझर)

उत्तर : ठरत नाही. पाडलेल्या विमानांची संख्या हा पुराव्याचा एक भाग असतो, पण पदकाची पायरी तिच्यावरून मोजली जात नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही पदके शत्रूच्या समोर दाखवलेल्या शौर्यासाठी असतात, आणि त्यांच्यातला फरक हा त्या शौर्यात पत्करलेल्या धोक्याचा आणि आत्मार्पणाचा असतो. सेखों यांचे प्रशस्तिपत्र या दृष्टीने वाचावे. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्धाला तोंड फुटेपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवलेलीच नव्हती. त्यामुळे तिथले डोंगर, तिथली उंची आणि काश्मीरच्या हिवाळ्यातला बोचरा वारा हे सगळे सेखों यांना अपरिचित होते, याची नोंद त्या पत्रात मुद्दाम केलेली आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सहा सेबर लढाऊ विमानांनी विमानतळावर हल्ला केला, तेव्हा धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच त्यांनी आपले छोटे नॅट लढाऊ विमान वर नेले. ते उड्डाण त्यांनी केले नसते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. वर गेल्यावर त्यांनी दोन सेबरना गाठले. बाकीची विमाने साथीदारांच्या मदतीला धावून आली, तेव्हा एकास चार अशी लढत झाली, आणि तीही त्यांनी सोडली नाही. परमवीर चक्राचा आधार ही लढत आहे.

उलट बाजूचे उदाहरण पाहिले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. विंग कमांडर जगमोहन नाथ यांना १९६२ आणि १९६५ च्या कामगिरीसाठी दोनदा महावीर चक्र मिळाले, आणि त्यांनी शत्रूचे एकही विमान पाडलेले नव्हते. ते लढाऊ विमानाचे वैमानिक नव्हते; टेहळणीच्या कॅनबेरा विमानातून, जवळ शस्त्र नसताना, शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन छायाचित्रे घेऊन परत येणे हे त्यांचे काम होते. हेच पदक दोनदा मिळवणारे हवाई दलातील दुसरे अधिकारी विंग कमांडर पद्मनाभ गौतम हेसुद्धा कॅनबेराचेच वैमानिक होते. एकच पदक दुसऱ्यांदा मिळते तेव्हा नवे पदक देत नाहीत, पहिल्याच पदकाच्या फितीवर एक पट्टी चढवतात.

याचा अर्थ वीर चक्र कमी तोलाचे आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बंगालच्या सीमेवरील बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठले, त्या चकमकीसाठी मॅसी, गणपती आणि लाझारस या तिघांना वीर चक्र देण्यात आले. २७ फेब्रुवारी २०१९ च्या पाकिस्तानी विमानांशी झालेल्या चकमकीसाठी अभिनंदन वर्धमान यांनाही वीर चक्रच मिळाले. त्याच दिवशी जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून वैमानिकांना मार्गदर्शन करणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना युद्ध सेवा पदक देण्यात आले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. वैमानिकाच्या लढाईत जमिनीवरून सोबत करणाऱ्या माणसांचे काम पदकांच्या यादीत दिसू लागले, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

प्रश्न : माझे काका हवाई दलात होते. त्यांच्या ट्रंकेत चार पदके सापडली. एक गोल आणि रुपेरी आहे. त्याची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी आहे. दोन ताऱ्यांच्या आकाराची आहेत. यांतले शौर्यपदक कोणते? घरच्यांनी ती लावावीत का? (एक वाचिका, पंचवटी)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ते गोल पदक वीर चक्र असण्याची दाट शक्यता आहे. वीर चक्र चांदीचे असते. त्याच्या दर्शनी बाजूस पाच टोकांचा तारा, त्यात चक्र आणि मध्यभागी सोनेरी मुलामा दिलेली राजमुद्रा असते, तर मागच्या बाजूस पदकाचे नाव हिंदीत व इंग्रजीत असते. महावीर चक्र दिसायला बरेचसे असेच असते, पण त्याची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. परमवीर चक्र कांस्याचे आणि त्याची फीत संपूर्ण जांभळी. सर्वांत मोठे पदक सर्वांत साध्या धातूचे आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

जी पदके स्वतःच ताऱ्याच्या आकाराची असतात, ती बहुधा युद्धभूमीवरील सेवेची असतात : १९६५ चा समर सेवा तारा, १९७१ चा पूर्वी तारा आणि पश्चिमी तारा. त्या त्या आघाडीवर ठरलेली सेवा केलेल्या सर्वांना ती मिळत. ती शौर्यपदके नव्हेत, पण आपले काका कोणत्या युद्धात आणि कोणत्या आघाडीवर होते हे तीच सांगतील, म्हणून त्यांना दुय्यम समजून वेगळे काढू नका.

खात्री करून घेण्यासाठी भारताचे राजपत्र पाहावे. शौर्यपदक मिळालेल्या प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि सेवाक्रमांक त्यात छापला जातो. काकांचा सेवाक्रमांक हाताशी ठेवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली, तर पुढचा मार्ग कळेल. एक कळकळीची विनंती आहे. पदक घासून चकचकीत करू नका, फीत जुनी झाली म्हणून फेकू नका, आणि चारही पदके ज्या क्रमाने एका पट्टीवर लावलेली आहेत तो क्रम मोडू नका. सैनिक पदके छातीच्या डाव्या बाजूस लावतो. वीरगती प्राप्त झालेल्यांच्या जवळच्या नातलगांना श्रद्धांजलीच्या प्रसंगी ती उजव्या बाजूस लावण्याची मुभा आहे. काकांचे निधन सेवेत झाले नसेल, तर ती चौकटीत सांभाळून ठेवणे उत्तम.

प्रश्न : परमवीर चक्राचे रेखाटन एका मराठी बाईंनी केले, हे खरे का? (एक विद्यार्थी, देवळाली कॅम्प)

उत्तर : खरे आहे, आणि त्या मराठी झाल्या त्या लग्नाने. सावित्रीबाई खानोलकर यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. वडील हंगेरियन, आई रशियन, आणि त्यांचे मूळ नाव ईव्ह. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी मराठी व संस्कृत आत्मसात केली आणि पुराणांचा मनापासून अभ्यास केला. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकाचे काम त्यांच्याकडे सोपवले, तेव्हा त्यांना दधीची ऋषी आठवले. वृत्रासुराच्या वधासाठी दधीचींनी आपली हाडे दिली आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले. तीच चार वज्रे परमवीर चक्रावर राजमुद्रेभोवती आहेत. देहच शस्त्र म्हणून देऊन टाकणाऱ्याची कथा या पदकासाठी निवडावी, यापेक्षा योग्य काही मला सुचत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी ही पदके सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आली. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या जावयाचे भाऊ होते.

प्रश्न : स्वातंत्र्यापूर्वी भारतीय लढाऊ वैमानिकांना पदके मिळत होती का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : मिळत होती. त्या काळचे पदक म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. पहिल्या महायुद्धात जुलै १९१८ मध्ये अवघ्या १९ वर्षांच्या इंद्रलाल रॉय यांनी तेरा दिवसांत दहा हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्यात ते मारले गेले. त्यांना ते मरणोत्तर देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अर्जन सिंग यांनाही तेच मिळाले. करुण कृष्ण मजुमदार यांना तर ते दोनदा मिळाले.

प्रश्न : वैमानिक परतलाच नाही आणि त्याची झुंज कोणी पाहिली नाही, तर पदक कसे मिळणार? (एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

उत्तर : या प्रश्नाने मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण बहुतेक वेळा ते मिळत नाही. शिफारस स्क्वाड्रनच्या, म्हणजे वैमानिकाच्या तुकडीच्या, प्रमुखाकडून वर जाते, आणि तिला सहकाऱ्यांचे कथन, रेडिओवरचे बोलणे, विमानाच्या तोफेला जोडलेल्या कॅमेऱ्याची फिल्म असा आधार लागतो. परत न आलेल्या विमानाची फिल्मही परत येत नाही.

स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या यांचे असेच झाले. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबातील आदमपूरहून आपल्या मिस्टेअर विमानांचा ताफा पाकिस्तानातील सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ल्यासाठी निघाला. देवय्या त्यात राखीव होते, तरी ते गेले. बाकीचे परतले, देवय्या परतले नाहीत, आणि त्यांचे काय झाले हे कोणालाच सांगता येईना. कित्येक वर्षांनी पाकिस्तानी बाजूने लिहिलेल्या युद्धाच्या हकिकतीतून उलगडा होऊ लागला : परतीच्या वाटेवर एका पाकिस्तानी स्टारफायटर लढाऊ विमानाने एका मिस्टेअरला गाठले होते, आणि मार बसलेले ते जुने, संथ मिस्टेअर पळून न जाता उलटून भिडले आणि त्याने ध्वनीच्या दुप्पट वेगाचे ते स्टारफायटर पाडले होते. स्टारफायटरचा वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला होता, म्हणून ही हकिकत मागे राहिली. हवाई दलाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ते मिस्टेअर देवय्यांचेच होते असे निष्पन्न झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले ते १९८८ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.