पाटणच्या पावसात टिकेल आणि हवाही खेळेल असं दहा-बारा गावठी कोंबड्यांचं खुराडं कसं बांधावं?

पाऊस नको म्हणून चारी बाजूंनी पत्रा ठोकू नका, हे आधी सांगतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि श्रावणात कोंबड्या घरघरायला लागल्या. दोष पावसाचा नव्हता, कोंडलेल्या हवेचा होता. विष्ठा ओली राहिली की अमोनिया हा उग्र वासाचा वायू साठतो. सकाळी दार उघडून खाली वाका. डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच ओढलंय.

सहा बाय चार फूट जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद करा, आपल्याकडं झड तिकडूनच येते. लांब बाजूंना फूटभर भिंत, वर अर्ध्या इंच भोकाची वेल्ड मेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली कडक जाळी. मोठ्या भोकाची साधी जाळी मुंगसाला अडवत नाही. वळचण तीन फूट पुढे काढा. ताडपत्रीचा पडदा खालून वर ओढायचा बसवा, म्हणजे जोराच्या पावसातही वरची वीतभर पट्टी उघडी राहते आणि गरम, दमट हवा तिथून निघून जाते.

जोतं दीड फूट उंच घ्या. आत भाताचा तूस तीन इंच, दोन-तीन दिवसांनी परतायचा. मूठभर दाबून बघा, गोळा झाला तर लगेच बदला.

सांगलीतल्या कोरड्या जत-आटपाडीकडं बांधणार असाल तर झडीपेक्षा उन्हाची काळजी जास्त. तिथं पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर द्या.