बेडूक ओरडतात, दिवे मात्र ढिम्म

प्रश्न : कोकणातल्या पावसाळी रात्रीचं रेकॉर्डिंग 12 बाय 15 फुटी खोलीत चार स्पीकरवर वाजवतोय. आवाजाच्या चढउतारावर एलईडी पट्ट्या उजळाव्यात असं प्रोग्रॅमिंग केलंय, पण त्या अखंड पेटलेल्याच राहतात. का?

उत्तर : दोष रातकिड्यांचा! त्यांची किर्रकिर्र थांबत नाही, म्हणून एकूण आवाजाची पातळी खाली येतच नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येचा आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडा. रातकिडे बहुधा 4 ते 8 किलोहर्ट्झमध्ये सलग रेघेसारखे दिसतील, बेडकांचे तुटक ठिपके त्याखाली. बेडकांपुरता बँडपास फिल्टर (ठरावीक कंपनसंख्यांचाच आवाज पुढे सोडणारा) लावून त्यावर दिवे चालवा. ऐकवायचा आवाज मूळचाच ठेवा. अटॅक (आवाज वाढल्यावर दिवे उजळायला लागणारा वेळ) 20 मिलिसेकंद, रिलीज (आवाज थांबल्यावर ते मंदावायला लागणारा वेळ) 500 मिलिसेकंदांच्या आसपास. रिलीज कमी पडला की दिवे लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकतात.

चारही स्पीकरना एकच ट्रॅक देऊ नका; सगळं जवळच्याच स्पीकरमधून येतंय असं वाटतं. रेकॉर्डिंगचे वेगवेगळे तुकडे द्या आणि प्रत्येक कोपऱ्यातली पट्टी तिथल्याच आवाजाला जोडा.

पट्टी 5 व्होल्टची, मीटरला 60 दिव्यांची (डब्ल्यूएस 2812 बी या प्रकारची) असेल, तर 5 मीटरला पूर्ण पांढऱ्या उजेडात 18 अँपिअरपर्यंत लागतात. एकाच टोकाला वीज दिली तर दुसरं टोक पिवळट-लालसर पडतं, तेव्हा दोन्हीकडून द्या. तसंही अंधाऱ्या खोलीत 20 टक्के उजेड पुष्कळ झाला.