मॉनिटर बदलल्यावर काही थिन क्लायंट १०२४×७६८ वरच अडकतात, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणक कक्षातले वीस थिन क्लायंट (स्वतः फारसं काम न करता सर्व्हरवरचा डेस्कटॉप पडद्यावर दाखवणारे छोटे संगणक) विंडोज सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉपवर चालतात. जुने चौकोनी मॉनिटर काढून फुल एचडी लावले. पाच ठिकाणी चित्र १०२४×७६८ वर अडकलंय आणि गोल आकार आडवे ताणलेले दिसतात. दोन ठिकाणी डेस्कटॉप मधोमध लहान आणि भोवती काळी पट्टी. हाताने बदललं तरी रीस्टार्टनंतर परत तेच. सर्व्हरवरून सगळ्यांचं रिझोल्युशन एकदम ठरवून टाकता येईल का?

येईल, पण तो उपाय मी शेवटी ठेवेन. पाच जागी आणि दोन जागी दिसणारे दोष वेगळे आहेत आणि दोन्हींवर एकच आकडा लादला तर खरं कारण झाकलं जाईल.

आधी एक तपासणी करा, तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी मेनू उघडा आणि त्यातलं माहितीचं पान पाहा. मॉनिटरला प्रत्यक्षात कोणता सिग्नल मिळतोय ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे १०२४×७६८ असेल, तर दोष थिन क्लायंट आणि मॉनिटर यांच्यामध्ये आहे, सर्व्हरचा काही संबंध नाही. तिथे १९२०×१०८० असून डेस्कटॉप मात्र लहान दिसत असेल, तर केबलला हात लावू नका. दोष रिमोट सेशनच्या, म्हणजे सर्व्हरशी होणाऱ्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये आहे.

पहिला प्रकार, म्हणजे तुमच्या त्या पाच जागा. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते. तिचा मूळ भाग १२८ बाइटचा, आणि त्यात मॉनिटर कोणती रिझोल्युशन्स घेऊ शकतो, कोणतं सर्वांत योग्य, हे लिहिलेलं असतं. थिन क्लायंट सुरू होताना ती वाचतो. वाचता आली नाही तर तो सुरक्षित आकड्यावर, बहुधा १०२४×७६८ वर, थांबतो. म्हणून इथे शोधायचं ते एकच: ही नोंद वाटेत कुठे अडतेय?

व्हीजीए केबल असेल तर पहिला संशय तिच्यावरच. रंगांच्या तारा वेगळ्या आणि ईडीआयडीच्या वेगळ्या असतात: १२ नंबरची पिन डेटाची, १५ नंबरची क्लॉकची. स्वस्त केबलमध्ये आणि विशेषतः एक्स्टेन्शनमध्ये या दोन पिना जोडलेल्याच नसतात. चित्र व्यवस्थित येतं, त्यामुळे केबलवर कुणाचा संशय जात नाही. कनेक्टरची अरुंद बाजू म्हणजे तिसरी ओळ, तिच्यात ११ ते १५ नंबर असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावून १२ ते १२ आणि १५ ते १५ तपासा. बीप आला नाही तर केबल बदला. मल्टिमीटर नसेल तर चांगल्या जागेवरची केबल इथे लावा आणि इथली तिथे. एका वेळी एकच वस्तू बदला. केबल आणि मॉनिटर दोन्ही एकदम हलवले तर उत्तर मिळत नाही. दोष केबलबरोबर गेला की निकाल लागला.

एचडीएमआयवरून व्हीजीएचा अडॅप्टर वापरला असेल तर दुसरी शक्यता. हा अडॅप्टर नुसता आकार बदलत नाही, आत सर्किट असतं आणि त्याला वीज लागते. एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट मिळतात, पण तिथून किमान ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते. काही अडॅप्टरना त्याहून जास्त लागते, मग चित्र लुकलुकतं किंवा ईडीआयडी अर्धवट वाचलं जातं. यूएसबीने वेगळी वीज घेणारा अडॅप्टर घ्या. मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर अडॅप्टर काढून सरळ जोडणं माझ्या मते सर्वांत उत्तम. मध्ये केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारी पेटी) किंवा स्प्लिटर (एकच चित्र अनेक मॉनिटरना देणारी पेटी) असेल तर तो बाजूला ठेवून थेट जोडून बघा. साधे केव्हीएम निवडलेल्या पोर्टलाच ईडीआयडी पोचवतात. तो ठेवावाच लागणार असेल तर ईडीआयडी साठवून ठेवणारा घ्या.

तिसरी गोष्ट चालू करण्याच्या क्रमाची. कक्षाचा मेन स्विच दाबला, किंवा वीज जाऊन आली, की थिन क्लायंट काही सेकंदांत उठतो आणि मॉनिटर अजून जागा होत असतो. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त दिसतं, कारण बंद मॉनिटर बऱ्याचदा ‘मी जोडलेला नाही’ असंच कळवतो. एखाद्या जागी दोष कधी येतो, कधी येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मॉनिटर, मग थिन क्लायंट, या क्रमाने चालू करून बघा.

आता काळ्या पट्टीच्या दोन जागा. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये जाऊन डिस्प्ले सेटिंग्ज उघडल्या तर रिमोट सेशनमधून बदल करता येत नाही असा संदेश येतो. तो बरोबर आहे. सेशनचा आकार जोडणी करताना क्लायंट ठरवतो. म्हणून थिन क्लायंटवरची जोडणीची सेटिंग उघडा. तिथे जुन्या मॉनिटरच्या काळात १०२४×७६८ असं पक्कं लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ते फुल स्क्रीन करा आणि सेशन तोडून पुन्हा जोडा. ‘स्मार्ट सायझिंग’ चालू करून पट्टी घालवू नका: त्याने छोटं चित्र ताणून मोठं होतं, अक्षरं धूसर होतात आणि दिवसभर समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीतही (सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतही) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली कमाल रिझोल्युशनची मर्यादा असते. पण ती लागू असती तर वीसही जागा अडकल्या असत्या, त्यामुळे तुमच्या बाबतीत ती शेवटी बघा.

रीस्टार्टनंतर बदल पुसला जाण्याची कारणं दोन. थिन क्लायंटवर विंडोज एम्बेडेड किंवा आयओटी (अशा यंत्रांसाठीच्या विंडोजच्या आवृत्त्या) असेल तर बहुधा राइट फिल्टर चालू असतो. डिस्कवर लिहिलेलं सगळं रीस्टार्टला उडतं. फिल्टर बंद करा, रीस्टार्ट करा, सेटिंग बदला, फिल्टर परत चालू करून पुन्हा रीस्टार्ट करा. शेवटची पायरी विसरू नका, नाहीतर यंत्र उघडं राहतं. दुसरं कारण केंद्रीय कॉन्फिगरेशन: सुरू होताना थिन क्लायंट नेटवर्कवरून फाइल किंवा पॉलिसी घेतो आणि तुमचा स्थानिक बदल पुसतो. उदाहरणार्थ वाइज थिनओएस या थिन क्लायंटच्या कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत डब्ल्यूएनओएस डॉट आयएनआय या फाइलमध्ये रिझोल्युशनची ओळ असते. तिथे आकडा लिहिलेला असेल तर तो काढून ‘डीडीसी’ लिहा, म्हणजे प्रत्येक यंत्र आपापल्या मॉनिटरला विचारेल. मॉनिटर मिश्र असतील तर हाच मार्ग ठेवा.

आकडा पक्का करायचाच झाला तर तो यंत्रागणिक करा, सरसकट नको. लिनक्सच्या एलटीएसपीमध्ये (सर्व्हरवरून थिन क्लायंट सुरू करणाऱ्या प्रणालीत) मॅक ॲड्रेसचा, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क क्रमांकाचा, वेगळा विभाग करून त्यात पसंतीचा मोड लिहिता येतो. नंतर सर्व्हरवर ‘एलटीएसपी इनिटआरडी’ ही आज्ञा चालवावी लागते, नाहीतर बदल क्लायंटपर्यंत पोचत नाही. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो दर) ६० हर्ट्झच ठेवा. मॉनिटरला न झेपणारा दर दिला की ‘आउट ऑफ रेंज’ येतं आणि पडदा काळा होतो. मग दुसरा जास्त क्षमतेचा मॉनिटर तात्पुरता लावून सेटिंग मागे घ्यावी लागते.

कक्षात १८.५ इंची जुने १३६६×७६८ चे मॉनिटर उरले असतील तर तिथे १३६०×७६८ दिसलं म्हणून घाबरू नका. ईडीआयडीच्या जुन्या नोंदपद्धतीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ त्यात बसत नाही. यादीत १३६६ असेल तर ते निवडा. नसेल तर व्हीजीएवर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबून चित्र जागेवर आणा.