‘पिण्यास योग्य’ वाचण्याआधी नमुना कुठून घेतला ते विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याच सोसायटीबद्दल कोणी लिहिलंय की काय असं वाटलं. बोअर आणि टँकरवर चालणारी सोसायटी, घरोघरी पोटाच्या तक्रारी आणि फलकावर ‘पिण्यास योग्य’ असा रिपोर्ट. चेअरमन म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे म्हणजे पाण्याचा दोष नाही. आमच्याकडेही हेच ऐकवलं जायचं. मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. धायरीकडच्या एका सोसायटीचं पाणी बरीच वर्षं सांभाळतोय, तेवढ्यावरच लिहितोय. घरात कोणी आजारी असेल तर आधी दवाखाना.

टाक्या धुणं, पाणी उकळणं तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही. मला एवढंच सांगा: तो नमुना कोणत्या नळाचा, किती वाजता घेतला आणि कशात भरून नेला?

आमच्याकडे एका कार्यालयाचा माणूस आला होता. नाव लिहीत नाही. त्याने गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतलं, तेही वॉचमनकडून मागून घेतलेल्या मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. तपासणी आहे म्हणून प्लंबरने त्याच सकाळी टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) ओतली होती. झाकण उचललं की वास नाकात जात होता. खरं तर जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक होऊन यायला हवी. क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, क्लोरीनचं काम तिथल्या तिथे थांबवायला. म्हणूनच ती बाटली विसळायची नसते. थायोसल्फेट नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि प्रयोगशाळेत पोचतं ते आपल्या नळाला येतं त्याहून स्वच्छ पाणी.

रिपोर्ट अर्थातच उत्तम आला. त्या एका कागदामुळे बोअरच्या दुरुस्तीचा विषय प्रत्येक मीटिंगमध्ये मागे पडत गेला. थेट बोअरचं पाणी तपासा म्हणून मी लेखी मागणी केली, तर उत्तर आलं की अहवाल यापूर्वीच देण्यात आला आहे. प्रत्यक्ष गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी ‘तुमची हद्द आमच्याकडे येत नाही’. मग नमुना घ्यायला आलात कसे? याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. तेवढ्या काळात आमच्या इमारतीतल्या एका आजींना जुलाबांमुळे सलाइन लावावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी काही घरांनी वर्गणी काढून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळेत दोन नमुने दिले. एक बोअरच्या पंपातून थेट, क्लोरीन घालण्याआधीचा. दुसरा शेवटच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. बर्फाच्या डब्यातून, सहा तासांच्या आत पोचवले. बोअरच्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, निघाले. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १०० मिलीलिटर पाण्यात ते अजिबात चालत नाहीत. मग बोअरपाशी जाऊन नीट पाहिलं: केसिंगचं (बोअरमध्ये वरून घातलेल्या पाइपचं) तोंड जमिनीच्या पातळीला, त्यावर झाकण म्हणून सिमेंटच्या गोणीचा तुकडा सुतळीने बांधलेला, भोवती पावसाचं पाणी साचलेलं आणि काही पावलांवर गळका ड्रेनेज चेंबर.

‘आमचं बोअर तीनशे फूट आहे, त्याला काय होतंय’ यावर तर मुळीच विसंबू नका. आपल्या पुण्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांमधून आणि सांध्यांमधून फिरतं, वाळूतून गाळून यावं तसं येत नाही. केसिंगही बहुतेक ठिकाणी कडक खडक लागेपर्यंतच घातलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला होता. तुमच्या सोसायटीत तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण पोटाच्या तक्रारी किरकोळ समजू नका.

टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उघड्या पिशवीत, दमट पंपरूममध्ये ते उडून जातं. म्हणून ‘टाकीला इतके चमचे’ हा हिशोब मला पटत नाही. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत घाला, निदान अर्धा तास थांबा आणि मग शेवटच्या नळाला क्लोरीन मोजा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम उरलं पाहिजे. क्लोरीन मोजायची ओटी आणि डीपीडी अशी दोन रसायनांची किट मिळतात, त्यांत ओटीपेक्षा डीपीडीचं घ्या असं माझं मत. कुठलंही घ्या, पण तपासलेलं पाणी ओतून टाका.

आणि टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेन बुडवून आरओ विकायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. त्या पेनला जंतू कळत नाहीत. नायट्रेट (सांडपाणी, खतं यांतून पाण्यात उतरणारा आणि तान्ह्या बाळांना धोक्याचा क्षार) मात्र जरूर तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे, आणि उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे आधी. नायट्रेट जास्त निघालं तर तिथे आरओ खरंच उपयोगी पडतो.

नवा नमुना देईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या आणि बोअरभोवती सिमेंटचा ओटा करून केसिंगला घट्ट झाकण बसवायचा खर्च याच मीटिंगमध्ये मंजूर करून घ्या. जुन्या रिपोर्टचा फोटो टाकलात तर बघतो. नमुन्याचं ठिकाण, वेळ आणि जंतूंचा रकाना दिसेल असा टाका. फ्लॅट नंबर आणि नावं झाकायला विसरू नका.