माणकापासून सुरुवात करा

लेसर-स्फटिकांच्या वर्णपटाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांना मी आधी माणकाचाच नमुना हाती घ्यायला सांगतो, कारण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमधील क्रोमियमच्या ज्या आयनांवर थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर चालवला, त्यांच्या ६९४.३ आणि ६९२.९ नॅनोमीटरच्या दोन रेषा इतक्या ठळक असतात की वर्णपटमापकाचे कॅलिब्रेशन बिघडले असल्यास ते लगेच कळते.

शोषण मोजण्यापूर्वी स्फटिकाचा प्रकाशीय अक्ष (ज्या दिशेने जाणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जात नाही ती दिशा) निश्चित करा आणि ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात, त्या अक्षाला समांतर व लंब असे दोन्ही वर्णपट स्वतंत्रपणे नोंदवा.

खरी काळजी लागते ती उत्तेजित पातळीचे आयुर्मान, म्हणजे ऊर्जा मिळालेला आयन प्रकाश सोडण्यापूर्वी सरासरी किती काळ त्या अवस्थेत राहतो ते, मोजताना. खोलीच्या तापमानाला ते साधारण ३ ते ४ मिलिसेकंद असते. परंतु नमुना जाड असेल किंवा त्यात क्रोमियम अधिक असेल, तर एका आयनाने सोडलेला प्रकाश शेजारचा आयन पुन्हा शोषतो, काही काळाने पुन्हा सोडतो, आणि मोजलेले आयुर्मान खऱ्यापेक्षा मोठे येते. माझ्या सुरुवातीच्या नोंदी याच कारणाने मला रद्द कराव्या लागल्या, आणि आलेख अतिशय सुबक असल्याने चूक फार उशिरा लक्षात आली. म्हणून पातळ, कमी क्रोमियमचा नमुना घ्या, किंवा नमुन्यासमोर ठेवलेल्या सूक्ष्म छिद्राचा व्यास टप्प्याटप्प्याने कमी करत मोजमाप करून शून्य व्यासाची किंमत आलेखावरून काढा.

टायटॅनियम-नीलमण्याकडे (क्रोमियमऐवजी टायटॅनियमचे आयन असलेल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडकडे) नंतर वळा. तेथे आयुर्मान सुमारे ३.२ मायक्रोसेकंदच असल्याने उत्तेजक स्पंद आणि प्रकाशशोधक दोन्ही त्याहून बरेच वेगवान हवेत.